साडेसातचं फाटक

ज्याचा नागरिकाच्या मूलभूत हक्कांवर मनापासून विश्वास असतो, तो माणूस दुसऱ्याच्या तसूभर जागेवरही कधी हक्क सांगत नाही.

हे वाक्य परंतुनं वादसभेच्या उद्घाटनाच्या भाषणात म्हटलं आणि त्यावर बऱ्यापैकी टाळ्या घेतल्या. त्यानंतर तासाभरात तो ग्रंथालयात गेला, खिडकीजवळच्या खुर्चीवर ठेवलेली ओली छत्री उचलून भिंतीला टेकवली, आणि त्या खुर्चीत ऐसपैस बसून राज्यघटनेवरचं जाडजूड भाष्य वाचायला लागला.

छत्री उपकलमची होती.

उपकलम हे काही तिच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ती उंचीनं लहान होती आणि कुठल्याही वादात मुख्य कलम बाजूला ठेवून त्याच्या पोटातलं बारकं कलम शोधून काढायची. कायद्याच्या वर्गानं पहिल्याच महिन्यात तिचं बारसं उरकून टाकलं. परंतुचंही तसंच. त्याचं कुठलंही वाक्य निम्म्यावर आलं की वळण घ्यायचं. जेवलास का विचारलं तर 'जेवलो, परंतु...' असं सुरू करायचा, आणि विचारणाऱ्याचीच जेवायची वेळ टळायची.

ती पुस्तकं घेऊन कपाटापासून परत आली तर खुर्चीत हा.

"ही खुर्ची माझी आहे," ती म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. तिच्या एका बाजूच्या केसांतून अजून पाणी ठिबकत होतं आणि हनुवटी पुस्तकांच्या ढिगावर टेकलेली होती. "तुमची? खरेदीखत आहे?"

"छत्री होती."

"छत्री होती, मान्य. परंतु छत्री काही वाचत नव्हती."

"वहिवाट आहे माझी. वर्ष उघडल्यापासून इथंच बसते मी. कुणालाही विचारा."

"म्हणजे नंतर आलेल्यांनी जन्मभर जिन्यापाशी बसायचं? समान संधीचं काय?"

"समान संधी हवी असेल तर लवकर यायचं."

"मी भाषण करत होतो."

"ऐकलं की. तसूभर जागेवरही हक्क सांगत नाही म्हणे तो माणूस." तिनं पुस्तकं टेबलावर धप्पकन ठेवली. "कोण होता हो तो? ओळख करून द्या ना आमची."

परंतुच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो उठला. जाताना छत्री पुन्हा खुर्चीवर ठेवायला गेला, मग ती खुर्चीत बसलेली आहे हे लक्षात येऊन छत्री हातात घेऊन क्षणभर तसाच उभा राहिला... आणि उपकलमनं पुस्तकात तोंड खुपसून हसू लपवलं.

दुसऱ्या दिवशी तिला यायला उशीर झाला. खिडकीजवळच्या खुर्चीत पुन्हा हा. ती भांडायला तोंड उघडणार, तोच तो उठून उभा राहिला.

"बसा. तुमची वहिवाट खंडित होऊ नये म्हणून बसलो होतो," तो म्हणाला, आणि जिन्यापाशी जाऊन बसला.

खुर्ची अजून उबदार होती. त्या दिवशी तिनं एकाच पानावर बराच वेळ काढला.

आता वादसभेविषयी सांगायला हवं. तिचा एक नियम होता, तो दुसऱ्या कुठल्या कॉलेजात असल्याचं ऐकिवात नाही. प्रतिपक्षाचं खंडन करायचं तर आधी त्याच्या म्हणण्याची पोच द्यायची. म्हणजे तो काय म्हणाला ते आपल्या शब्दांत, त्याच्या तोंडावर, त्याला पटेल असं मांडायचं. तो 'पोचलं' म्हणाला की मग आपली वेळ सुरू. 'नाही पोचलं' म्हणाला तर पुन्हा मांडायचं. कुणा जुन्या संस्थापकाला वाटलं होतं की यानं निम्मी भांडणं जागच्या जागी मिटतील. मिटली नाहीत, लांबली मात्र. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरायची. स्वतःचं मत हे वक्त्याचं खासगी दुखणं समजलं जाई.

अध्यक्षस्थानी प्राचार्य असत. ते भाषणांना झोपत आणि पोच द्यायच्या वेळी जागे होत. यात अनादर नव्हता, अनुभव होता. भाषण लांब असतं, पोच चार वाक्यांत आटोपते आणि सगळं सार तिच्यात येतं, हे इतक्या वर्षांत त्यांच्या ध्यानात आलं होतं.

त्या पंधरवड्याचा विषय असा निघाला : वसतिगृहातल्या मुलींच्या येण्याजाण्यावर वेळेचं बंधन घालण्याचा अधिकार संस्थेला असावा. चिठ्ठ्या निघाल्या. अनुकूल बाजू परंतुकडे आली आणि प्रतिकूल बाजू उपकलमकडे.

परंतुचं भाषण भिकार झालं. त्याला स्वतःलाच ते पटत नव्हतं. शिस्त, सुरक्षितता, पालकांची काळजी अशा तीन गुंड्या त्यानं आणल्या होत्या, पण काजं कुठंच नव्हती. मधेच तो दोन वेळा 'परंतु' म्हणाला आणि दोन्ही वेळा आपल्याच विरुद्ध गेला.

उपकलम पोच द्यायला उठली. इथं तिच्या आईविषयी एक गोष्ट माहीत हवी. आईचं शिवणाचं दुकान होतं, आणि गिऱ्हाईक कितीही भांडून गेलं तरी त्याचा कपडा उसवलेला परत द्यायचा नाही, असा आईचा खाक्या होता. तो मुलीच्या रक्तात उतरला होता. समोर उसवलेलं काही दिसलं की तिचा हात शिवशिवायचा... मग ते शत्रूचं का असेना.

"माझ्या प्रतिपक्षाचं म्हणणं असं," ती म्हणाली, "की फाटक बंद होतं ते मुलींवर अविश्वास म्हणून नव्हे. आत कुणीतरी आपली वाट पाहतंय, याची ती खूण असते. ज्याची कुणी वाट पाहत नाही तो मोकळा नसतो, नुसता सुटा असतो."

परंतु तिच्याकडे बघतच राहिला.

"पोचलं का?" प्राचार्यांनी विचारलं. ते टक्क जागे होते.

"पोचलं," परंतु म्हणाला. "मी निघालो होतो त्याच्या बरंच पुढं पोचलं."

त्यानंतर उपकलमनं त्या म्हणण्याच्या चिंध्या केल्या. संचाराचा हक्क, सज्ञान नागरिक, संरक्षणाच्या नावाखाली केलेली कोंडी... एकही धागा शिल्लक ठेवला नाही. सभा तिनं जिंकली. प्राचार्य तोवर पुन्हा झोपले होते.

सोमवारी सूचनाफलकावर कागद लागला. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक यापुढं नऊऐवजी साडेसातला बंद होईल. खाली अवतरणचिन्हांत तिचं वाक्य, सबंधच्या सबंध, आणि त्याखाली : 'वादसभेतील एका विद्यार्थिनीचे उद्गार'. विद्यार्थिनी कोण हे लिहायची गरज नव्हती. सगळं कॉलेज सभेला होतं.

त्या रात्रीच्या जेवणाला उपकलमच्या बाकावर कुणी बसलं नाही.

"मीठ दे गं जरा," ती शेजारच्या बाकावरच्या आपल्या खोलीतल्या मैत्रिणीला म्हणाली.

"मीठ ना? ते तुझी वाट पाहतंय," मैत्रीण म्हणाली. "ऊठ आणि घे."

सगळ्या जणी हसल्या. हसण्याचं तिला काही नव्हतं. पण ग्रंथालय नऊपर्यंत उघडं असायचं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आली होती, तिची आणि परंतुची जोडी निवडली गेली होती, आणि दोघांचा सराव संध्याकाळीच व्हायचा. हे सगळं आता साडेसातला संपणार होतं. त्यात खिडकीजवळच्या खुर्चीचं, आणि जिन्यापाशी बसून मधूनच मान वर करणाऱ्या माणसाचं काय होणार, हा मुद्दा तिनं यादीत घेतला नव्हता. पण तो होता.

दुसऱ्या संध्याकाळी फाटक बंद झालं, पहारेकऱ्यानं घंटा दिली, आणि गजांच्या पलीकडे परंतु उभा. बगलेत भाष्य.

"इथं काय करताय?"

"सराव."

"फाटक बंद आहे, दिसत नाही?"

"दिसतंय. परंतु मी नियम नीट वाचला. फाटक बंद राहील, एवढंच आहे त्यात. बंद फाटकाच्या दोन बाजूंना दोन माणसांनी उभं राहू नये असं कुठं म्हटलंय?"

हे बारकं कलम आपल्याला दिसू नये याचं तिला वाईट वाटलं. "बाजू तुम्हीच मांडलीत," ती फुरंगटून म्हणाली. "तुमच्यामुळं कोंडली गेले मी."

"मांडली मी. पोचवली तुम्ही."

मग तिला हसू फुटलं. दोन दिवसांत पहिल्यांदा.

तिथून पुढं रोज संध्याकाळी फाटकाशी वादसभा भरू लागली. पहारेकरी स्टुलावर बसून वेळ लावायचा आणि निकाल द्यायचा. त्याचा निकषही सोपा होता : जो आधी थांबेल तो जिंकला. वसतिगृहाच्या रेक्टरबाई वरच्या खिडकीतून बघायच्या, नियम काढून वाचायच्या आणि काही सापडलं नाही की खिडकी आपटायच्या. विषयांना तोटा नव्हता. विद्यार्थ्याच्या खोलीची झडती घेता येते का? परीक्षेला बसायच्या आधी 'संस्थेविरुद्ध बोलणार नाही' असं लिहून घेता येतं का? रेक्टरबाईंना मुलींची पत्रं उघडता येतात का? फाटकावरच्या दिव्याभोवती पाखरं घिरट्या घालायची, गज धरून धरून तिच्या तळव्यांना गंजाचा वास यायचा, आणि भुरभुर सुरू झाली की ती आपली छत्री गजांतून त्याला द्यायची. तीच छत्री. तो ती उघडायचा आणि अर्धी फाटकाच्या आत येईल अशी तिरपी धरायचा. त्यामुळं दोघंही भिजायची.

कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. ठराव आला नाही, मतदान झालं नाही.

"माणसाच्या मनात काय चाललंय ते विचारायचा हक्क कुणाला असतो?" एकदा तिनं विचारलं.

"कुणालाच नाही."

"आणि सांगायचा?"

"सांगायचा आहे. सक्ती नाही."

"मग एखादा सांगतच नसेल तर?"

"तर तो मौनाचा हक्क वापरतोय असं समजायचं."

"किती दिवस वापरणार?"

परंतुनं तोंड उघडलं... आणि पहारेकऱ्यानं घंटा दिली. तो वेळेचा पक्का होता. उपकलमला त्या क्षणी तो अजिबात आवडला नाही.

गजांची अशी गोडी लागली तरी गज ते गज. खानावळीत तिच्याशी अजून कुणी बोलत नव्हतं, आणि जिथं तिथं आपलंच वाक्य आपल्याकडे बघत असायचं. तिनं अर्ज केला. दुसरा केला. शेवटी प्राचार्यांनी दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. तिनं मूळ मुद्दा सोडून दिला, कारण संचाराच्या हक्कावर प्राचार्य झोपतात हे तिनं पाहिलं होतं. तिनं समानता काढली.

"सर, मुलांच्या वसतिगृहाला वेळेचं बंधन नाही. मुलींच्या आहे. दोघेही विद्यार्थी, दोघेही सज्ञान, दोघेही नागरिक. मग नियम एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा, हे राज्यघटनेत बसतं का?"

प्राचार्य जागे होते. परंतुला वाटलं, हीच संधी. "सर," तो अदबीनं म्हणाला, "आपल्याकडे पोच द्यायची पद्धत आहे."

प्राचार्यांना ते आवडलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमचं म्हणणं असं, की जो नियम एका वसतिगृहाला तोच दुसऱ्याला असला पाहिजे."

"पोचलं!" दोघं एका दमात ओरडली.

एरवी पोच देण्याघेण्यात मुरलेल्या माणसांनी इथं जरा थांबायला हवं होतं. 'नाही पोचलं, सर' एवढंच म्हणायला हवं होतं. पण समोरचा आपलं म्हणणं आपल्यापेक्षा नीट मांडतोय, या आनंदापुढं भल्याभल्यांची मती गुंग होते.

"रास्त आहे," प्राचार्य म्हणाले आणि त्यांनी पेन उघडलं.

दुसऱ्या दिवशी फलकावर दुसरा कागद लागला. मुलांचं वसतिगृहही साडेसातला बंद.

अडचण एकच होती. मुलांच्या वसतिगृहाला फाटक नव्हतं. कुणाला ते लावावंसं वाटलंच नव्हतं कधी. शेवटी खानावळीतलं लांब बाक आणून दारात आडवं टाकलं. त्यामुळं परंतुसकट सगळी पोरं कोंडली गेली, आणि त्यांना जेवायला बसायला बाकही उरलं नाही. उपकलम आणि परंतु यांची नावं आता दोन्ही वसतिगृहांत सारख्याच आदरानं घेतली जाऊ लागली. निदान एवढी समानता तरी आली.

त्या संध्याकाळी घंटा झाली. उपकलम फाटकाशी येऊन उभी राहिली. रस्त्याच्या टोकाला मुलांच्या वसतिगृहाचे दिवे दिसत होते. पहारेकऱ्यानं स्टूल आणलं, बसला, जांभई दिली.

"आज पाहुणे नाहीत?"

"येतील."

आले नाहीत. ती बराच वेळ गज धरून उभी होती. छत्री आणली होती. पाऊस मात्र नव्हता.

सकाळी वर्गाच्या दारातच तिनं त्याला गाठलं.

"काल आला नाहीस."

"बंद होतं."

"काय बंद होतं? तुमच्याकडे फाटक नाही. बाक आहे."

"मग बाक बंद होतं."

"ढांग टाकली असती की बाहेर!"

"टाकता आली असती. परंतु समान नियम आपणच मागितला ना? तू गजाआड, आणि मी बाकावरून उडी मारून तुझ्याशी समानतेवर बोलायला यायचं? हे बसत नाही कुठं. नियम मोडायचा नसतो, बदलायचा असतो. तूच म्हणतेस."

मुद्दा बिनतोड होता. बिनतोड मुद्द्याचा इतका राग तिला जन्मात आला नव्हता.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "फक्त... वाट पाहिली मी."

एवढंच म्हणून ती वर्गात गेली. बाकावर बसल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण कुणाचं वाक्य म्हटलं ते. आणि तिला असंही आठवलं, की पाठीमागून 'परंतु' ऐकू आला नव्हता.

त्या संध्याकाळी मुलांनी ताटं वाजवायला सुरुवात केली. मुलींनी अर्ज केले होते, घटनेचे दाखले दिले होते, सह्या गोळा केल्या होत्या. मुलांनी दाखले वगैरे काही दिले नाहीत. नुसती ताटं आणि वाट्या. तो गजर गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या प्राचार्यांच्या घरापर्यंत जात होता, आणि प्राचार्यांची झोप ही कॉलेजातली सर्वांत नाजूक गोष्ट होती.

त्या गोंगाटातून कुणीतरी पळत आलं. उपकलमनं गजांतून पाहिलं. परंतु. धापा टाकत होता.

"बाक उघडलं?" तिनं विचारलं.

"नाही. उडी मारली."

"का? बसत नव्हतं ना कुठं?"

"नाहीच बसत," तो म्हणाला. वाक्य तिथंच संपलं. त्याला वळण आलं नाही.

तेवढ्यात तिचं लक्ष त्याच्या बाहीकडे गेलं. बाकाच्या खिळ्याला अडकून ती मनगटापासून कोपरापर्यंत उसवली होती आणि झेंड्यासारखी लोंबत होती. तिला ते बघवेना. ती धावत खोलीत गेली आणि सुईदोरा घेऊन आली.

"हात आत दे."

"नियमात...?"

"फाटक बंद आहे. हाताविषयी नियम गप्प आहे. दे इकडे."

त्यानं हात गजांतून आत घातला. ती दिव्याखाली ओणवून टाके घालू लागली.

"मला एक म्हणणं मांडायचंय," तो म्हणाला.

"मांड. हलू नकोस फक्त."

"म्हणजे... मूलतः असं आहे, की... काल साडेसातला मी बाकाच्या आत बसलो होतो. समोर पुस्तक होतं. आणि खुर्चीचं म्हणशील तर तेव्हाही... म्हणजे छत्री हे एक उदाहरण झालं. तत्त्व वेगळंच आहे. तत्त्व असं, की..."

तत्त्व आलं नाही. लांबून ताटांचा आवाज येत राहिला.

"भिकार भाषण," ती म्हणाली. तिनं मान वर केली नव्हती.

"माहीत आहे. पोच दे."

तिनं एक टाका घातला. "प्रतिपक्षाचं म्हणणं असं, की त्याला माझी सवय झालीय."

"नाही पोचलं."

"माझ्याशिवाय त्याचा सराव होत नाही."

"नाही."

"मग... छत्री आवडते त्याला माझी."

"नाही पोचलं. मुद्दाम करतेयस तू."

सुई थांबली. तिनं दोरा बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. उसवलेलं सगळं समोर होतं. ते तसंच परत द्यायचं, हे तिला जमणारं नव्हतं.

"प्रतिपक्षाचं म्हणणं असं," ती हळूच म्हणाली, "की आत कुणीतरी आपली वाट पाहत उभं आहे, हे ठाऊक असल्याशिवाय त्याला आता मोकळं वाटत नाही. नुसतं सुटं वाटतं."

स्टुलावर पहारेकऱ्यानं घंटेचा दांडा हातात घेतला होता, तो त्यानं तसाच खाली ठेवला.

"पोचलं," परंतु म्हणाला. "आता खंडन कर."

ती वाकली आणि दोरा दातांनी तोडला. तिच्या केसांचा ओझरता स्पर्श त्याच्या मनगटाला झाला. हात आत तसाच होता, परत न्यायचं त्याला सुचलं नाही. तिनंही सुचवलं नाही.

"खंडन नाही," ती म्हणाली. "परंतु..."

त्याचा चेहरा पडला. हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून कसा लागतो हे त्याला आज कळत होतं. "परंतु काय?"

"परंतु दुसऱ्या बाहीची गुंडीही सुटायला आलीय. उद्या ये."

वरची खिडकी उघडली. रेक्टरबाईंना अखेर काहीतरी सापडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचार्यांनी मुलांच्या वसतिगृहाचा नियम मागे घेतला. 'विद्यार्थ्यांच्या अभ्यासात व्यत्यय येऊ नये म्हणून' असं कारण दिलं होतं. बाक खानावळीत परत गेलं. मात्र आदल्या संध्याकाळी परंतुनं उडी मारली तेव्हा नियम लागू होता. नियम मागे घेतला होता, नियमभंग मागे घेतलेला नव्हता. त्याचं स्पर्धेतलं नाव कापलं गेलं. उपकलमनं आपलं नाव आपणच कापून घेतलं. कॉलेजनं दोन भलतेच वक्ते पाठवले. विषय संचारस्वातंत्र्याचा निघाला आणि ते दुसऱ्याच फेरीत पडले.

मुलींच्या नियमाचा फेरविचार करायला समिती नेमली.

"वाईट वाटतंय?" संध्याकाळी फाटकाशी तिनं विचारलं. स्पर्धेसाठी त्यानं वर्षभर जिवाचं रान केलं होतं.

"वाटतंय," तो म्हणाला आणि दुसरी बाही गजांतून आत सरकवली.

पुढं रीतसर लग्न झालं. तिच्या आईनं त्याचा लग्नातला सदरा शिवला आणि मापं घेताना बाहीवरचे जुने टाके बघून, "घाईत घातलेत, पण धरतील," एवढाच शेरा मारला. तो कायदा शिकवायला लागला, ती कायदा लढवायला लागली. घरात कुणाचा कायदा चालायचा हे सांगायला नको. भांडणं खूप झाली, पण एकही पोचेशिवाय झालं नाही. त्यामुळं ती लांबायची, आमटी गार व्हायची. त्यांची मुलगी बोलायला लागली तीच या वातावरणात. तिला खेळणं नाकारलं तर ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "तुमचं म्हणणं असं, की मी लाडावलेय. पोचलं?"

ती मुलगीही कायद्यालाच गेली. त्याच कॉलेजात. त्याच वसतिगृहात.

तिला पोचवायला दोघं गेली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. फाटकाला नवा रंग दिला होता. आत भिंतीवर नियमांची पाटी होती, आता कागदाची नव्हे, पक्क्या रंगात रंगवलेली. चौथा नियम फाटकाचा होता, आणि त्याखाली ते वाक्य. उद्गार कुणाचे ते मात्र दरवेळच्या रंगात पुसलं गेलं होतं.

"आई, हे वाचलंस?" मुलगी म्हणाली. "आत कुणीतरी आपली वाट पाहतंय म्हणे! कोंडायचं ते कोंडायचं, वर किती गोड बोलायचं. कुणी लिहिलं असेल गं हे?"

उपकलमनं पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं.

"भाषा मात्र बरी आहे," परंतु म्हणाला.

"बाबा! तुम्ही त्यांच्या बाजूचे?"

"पोच देतोय. समर्थन नाही."

उपकलमनं त्याच्या पायावर पाय दिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इतक्या वर्षांत त्या पाळ्यांना काही शहाणपण आलं नव्हतं, आणि तिला ते बरं वाटलं.

"मी हा नियम बदलून दाखवते," मुलगी म्हणाली. "समिती आहे म्हणे त्यावर. विचार चाललाय."

"बदल की," उपकलम म्हणाली. "मन लावून बदल. फक्त एक ऐक. प्राचार्यांनी तुझ्या म्हणण्याची पोच दिली ना, तर लगेच 'पोचलं' म्हणू नकोस. पुन्हा एकदा मांडायला लाव."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काही नाही. स्वेटर वरच्या कप्प्यात ठेवलाय."

घंटा झाली. पहारेकरी नवा होता, स्टूल जुनंच. फाटक लागलं. मुलीनं आतून हात हलवला, दोन वेळा मागं वळून पाहिलं आणि मग कुणाशी तरी बोलत निघून गेली. उपकलम गज धरून उभीच राहिली. हाताला तोच गंजाचा वास आला, रंगाच्या खालून.

"कसं वाटतंय बाहेरून?" परंतुनं विचारलं. दोघं एकाच बाजूला आहेत असं या फाटकाशी आजवर कधी झालं नव्हतं.

"बाहेरून लांब दिसतं रे सगळं," ती म्हणाली. "तू रोज इथनं बघायचास?"

"मी सगळं बघतच नव्हतो," तो म्हणाला.

तिनं त्याच्या बाहीला धरलं. जरा भुरभुरत होतं. छत्री एकच होती आणि ती त्यानं अर्धी तिच्यावर, अर्धी सवयीनं फाटकाच्या दिशेला तिरपी धरली होती. दोघंही भिजली. मग दोघं रस्त्याला लागली.

वाटेत मुलांचं वसतिगृह लागलं. पोरं टोळक्यांनी गप्पा मारत बाहेर पडत होती. त्या वसतिगृहाला फाटक अजून बसलेलं नाही.